‘स्ट्राइक’ आणि संप

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



इंग्रजी भाषेतील काही शब्द आपल्या समाजात इतके रुळले आहेत की, त्यांचा अर्थ विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही. ‘स्ट्राइक’ हा त्यांपैकी एक. कॅरमच्या सोंगट्यांना टोला देणारा ‘स्ट्रायकर’ लहान मुलांच्याही परिचयाचा असतो. क्रिकेटच्या समालोचनात एक फलंदाज ‘स्ट्राइक’वर असतो आणि दुसरा समोर उभा राहून धावेची वाट पाहतो. २०१६ सालापासून ‘सर्जिकल स्ट्राइक’ हा शब्दप्रयोग खेड्यापाड्यांतील पारांवरही पोचला. आणि गिरणी, गोदी, रेल्वे, बँक, एस. टी. आगार अशा ठिकाणी ज्यांची हयात गेली, त्यांना ‘स्ट्राइक’ म्हणजे संप हे वेगळे सांगावे लागत नाही.

एकाच शब्दाने टोला, हल्ला आणि संप या तिन्ही गोष्टी सांगितल्या जाव्यात, ही भाषेची गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण शब्द हे निरुपद्रवी नसतात. शब्दाबरोबर एक चित्र येते, चित्राबरोबर एक मत येते, आणि मत पुरेसे पसरले की त्याचा कायदा होतो. संप म्हणजे कामगाराने समाजावर केलेला आघात, हे चित्र आज सुशिक्षित मध्यमवर्गाच्या मनात खोल रुजले आहे. ते कितपत खरे आहे, याचा शोध या शब्दापासूनच सुरू केलेला बरा.

एक क्रियापद, अनेक कामे

इंग्रजी माणूस हे क्रियापद दिवसभरात किती कामांना जुंपतो ते पाहावे. घड्याळ ‘स्ट्राइक’ करते, म्हणजे ठोके देते. वीज ‘स्ट्राइक’ करते, म्हणजे कोसळते. एखादी कल्पना ‘स्ट्राइक’ होते, म्हणजे सुचते. काडेपेटीची काडी ‘स्ट्राइक’ करतात, म्हणजे ओढतात. जमिनीत तेलाचा साठा लागला तरी हेच क्रियापद, नोंदवहीतून नाव कमी केले तरी हेच, आणि दोन पक्षांत सौदा जुळला तरीही हेच. मराठी मात्र यातील प्रत्येक क्रियेला स्वतंत्र क्रियापद देते. वीज कोसळते, कल्पना सुचते, सौदा जुळतो, नाव खोडले जाते. तवा तापला आहे तोवर पोळी भाजून घ्यावी, असे जेथे मराठी माणूस म्हणतो, तेथे इंग्रजी माणूस लोखंड तापले असता घणाचा घाव घालायला सांगतो. त्या घावालाही शब्द ‘स्ट्राइक’च.

या सर्व अर्थांच्या मुळाशी मात्र घाव नाही, हे पाहून आश्चर्य वाटेल. जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ पृष्ठभागावरून हलकेच हात फिरवणे, घासणे, पुढे सरकणे असा होता. कुरवाळणे या अर्थाचा ‘स्ट्रोक’ हा इंग्रजी शब्द त्याचाच सख्खा नातेवाईक. मारण्याचा अर्थ नंतरच्या शतकांत चिकटला आणि इतका घट्ट बसला की, मूळचा मवाळ अर्थ झाकून गेला. काडी ‘स्ट्राइक’ करणे या प्रयोगात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. काडी कोणी मारत नाही, ती घासावीच लागते.

मग संपाचा अर्थ या शब्दाला कोठून आला? घावातून नव्हे, तर शिडातून. जहाजाचे शीड किंवा निशाण खाली उतरवणे, यालाही खलाशांच्या भाषेत ‘स्ट्राइक’ म्हणत. युद्धात निशाण उतरवणे म्हणजे शरणागती. १७६८ साली इंग्लंडमधील संडरलंड आणि लंडन येथील बंदरांत वेतनाच्या प्रश्नावरून खलाशी खवळले. त्यांनी जहाजांची शिडे खाली उतरवली आणि मजुरीचा प्रश्न सुटेपर्यंत जहाज बंदराबाहेर जाणार नाही असे सांगितले. तेव्हापासून काम थांबवणे या अर्थाने ‘स्ट्राइक’ हा शब्द चालू झाला. शरणागतीची खूण त्या खलाशांनी नकाराची खूण करून टाकली.

शीड उतरवणारा खलाशी कोणावर हात उगारीत नव्हता. जहाज मालकाचे होते, समुद्र कोणाचाच नव्हता. खलाशाचे स्वतःचे असे काही असेल तर ते त्याचे दोन हात. ते त्याने कामावरून काढून घेतले, एवढेच घडले. जहाज थांबले ते कोणी त्याला मारले म्हणून नव्हे, तर ज्या हातांनी ते चालत होते ते हात दूर झाले म्हणून. संपाचे सारे शास्त्र या एका घटनेत सामावलेले आहे.

इतर भाषा काय सांगतात

फ्रेंच भाषेत संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी त्या नावाचा एक चौक होता. काम नसलेले मजूर तेथे कामाच्या शोधात जमत. मजूर अड्ड्यावरचे ते नाव पुढे संपाला मिळाले. स्पॅनिश भाषेतील संपवाचक शब्दाच्या मुळाशी विश्रांती घेणे हा अर्थ आहे. म्हणजे एका भाषेला संपात मजुरांचा जमाव दिसला, दुसरीला श्रमातून घेतलेली उसंत दिसली. इंग्रजीला शीड दिसले खरे. पण पुढे शीड विसरले गेले आणि घाव तेवढा लक्षात राहिला.

मराठीजवळ दोन शब्द आहेत, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला हरताळ. गुजरातीतील हाट, म्हणजे दुकान, आणि ताळे, म्हणजे कुलूप, यांपासून हा शब्द आला असे मानतात. दुकानाला कुलूप, तो हरताळ. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध महात्मा गांधींनी देशाला हरताळाची हाक दिली आणि हा शब्द इंग्रजी शब्दकोशांतही जाऊन बसला. पण मराठीत आणखी एक हरताळ आहे. तो एक पिवळा खनिज पदार्थ. पोथी लिहिणारे लेखक चुकलेल्या अक्षरांवर तो फाशीत आणि अक्षर नाहीसे करीत. नियमांना हरताळ फासला, असे मराठीत म्हणतात ते त्यावरून. इंग्रजी ‘स्ट्राइक’मध्येही खोडून टाकण्याचा अर्थ आहे. दोन परस्परांपासून दूरच्या भाषांत काम बंद ठेवणे आणि नाव खोडणे हे एका उच्चारात एकत्र यावे, हा योगायोगच. पण संपावर गेलेल्या कामगाराचे नाव हजेरीपटावरून खोडले जाते, हा त्याच्या अनुभवाचा भाग आहे, योगायोगाचा नव्हे.

दुसरा शब्द संप. गुजरातीत संप म्हणजे एकोपा. घरात संप आहे, असे गुजराती माणूस म्हणतो तेव्हा त्या घरात कोणी काम सोडून बसलेले नसते. त्या घरातील माणसे गोडीगुलाबीने नांदत असतात. मराठीने या शब्दाला कामगारांचा काम न करण्याचा निर्धार हा अर्थ दिला. म्हणजे मराठी शब्दाने परिणामाऐवजी कारण सांगितले. काम का थांबले? माणसे एक झाली म्हणून. इंग्लंडमध्ये १७९९ व १८०० साली कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणारे कायदे झाले, त्यांच्या शीर्षकातही एकत्र येणे हाच शब्द होता. राज्यकर्त्यांना भीती कशाची होती ते त्यावरून कळते. भीती घावाची नव्हती, ती एकोप्याची होती.

वृत्तपत्रांतील फटका

असे असूनही मराठी वृत्तपत्रांची संपाविषयीची नेहमीची भाषा कोणती? ‘संपाचा प्रवाशांना फटका.’ ‘कर्मचाऱ्यांनी संपाचे हत्यार उपसले.’ ‘संपकऱ्यांवर कारवाईचा बडगा.’ इंग्रजी शब्दातला घाव मराठीत असा मागच्या दाराने आला. शब्द मराठीच आहेत. फटका, हत्यार, बडगा हे अस्सल देशी आहेत. पण त्यांनी संपातला एकोपा पुसून टाकला आणि मारामारीचे चित्र तेवढे उभे केले. या भाषेत एक बारीक अन्यायही दडलेला आहे. कामगार जेव्हा हात काढून घेतो तेव्हा तो फटका ठरतो, आणि सरकार वा मालक जेव्हा नोकरी काढून घेतात तेव्हा ती नुसती कारवाई ठरते.

१८८८ सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या पूर्व भागातील बो येथे काडेपेट्यांच्या कारखान्यात सुमारे १४०० स्त्रिया आणि मुली संपावर गेल्या. दिवस मोठा, मजुरी तुटपुंजी, बोलले म्हणून दंड, उशीर झाला म्हणून दंड. पांढऱ्या फॉस्फरसमुळे जबड्याचे हाड कुजवणारा रोग वेगळाच. ॲनी बेझंट यांनी या स्थितीवर एक लेख लिहिला. त्या वेळी बेझंटबाई इंग्लंडच्या समाजवादी चळवळीत होत्या. भारतातील होमरूलचे पर्व अद्याप दूर होते. लेखातील माहिती खोटी आहे असे कामगार मुलींनी लिहून द्यावे, असा व्यवस्थापनाने आग्रह धरला. मुलींनी नकार दिला, एकीला कामावरून काढण्यात आले, आणि साऱ्या जणी बाहेर पडल्या. दोन-तीन आठवड्यांत दंड रद्द झाले आणि त्या मुलींची संघटनाही उभी राहिली. काडी ओढणे आणि संप करणे यांना इंग्रजीत एकच शब्द आहे. त्या मुलींनी त्याचे दोन्ही अर्थ जगून पाहिले. यात आघात कोणी कोणावर केला? मुलींच्या जबड्याचे हाड कुजत होते, तो आघात दररोज होत होता. त्याला बातमीत फटका म्हणण्याची पद्धत नव्हती.

या मातीतील संप

महाराष्ट्राच्या इतिहासात संपाचा अर्थ पगारवाढीपुरता कधीच मर्यादित नव्हता. भारतातील कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक. त्यांच्या प्रेरणेने १८९० साली मुंबईत नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. त्या नकारात नाभिकांना एक पैशाचाही लाभ नव्हता, उलट मजुरी बुडणार होती. दुसऱ्याच्या घरातील स्त्रीवर होणाऱ्या जुलमात आपले हात लागू द्यायचे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होता. हात उगारून नव्हे, हात आवरून केलेला हा निषेध होता. ‘स्ट्राइक’ या शब्दाचा घाव हाच अर्थ धरून बसणाऱ्याला या घटनेचा उलगडा होणार नाही.

२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. सरकारने लष्कर बोलावले, गोळीबार केला, माणसे मेली. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के वाढीच्या मागणीसाठी गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या नेतृत्वाखाली संप केला. मालकपक्षाचे प्रमुख अंबालाल साराभाई हे अनसूयाबेनचे सख्खे भाऊ. भावाविरुद्ध बहीण उभी राहिली, पण द्वेषाचा शब्द निघाला नाही.

शेतकऱ्यांनाही हा शब्द परका नाही. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला. परिसरातील सुमारे २५ गावे त्यात होती. हा संप सहा वर्षे चालला. शेत पडीक पाडून घरात बसलेल्या कुळाचे पोट कशावर चालले असेल, याची कल्पना शेतकऱ्याच्याच घरात करता येईल. १९३९ साली मुंबई प्रांतात कुळांना संरक्षण देणारा कायदा आला, त्यामागे ही सहा वर्षांची उपासमार होती.

संपाच्या हक्काचे तत्त्वज्ञान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. सरकारने आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकात काही संपांना गुन्हा ठरवले होते. त्याला विरोध करताना बाबासाहेबांनी सांगितले की, नोकरीचा करार मोडणे हा फार तर दिवाणी स्वरूपाचा प्रश्न होतो. इच्छेविरुद्ध काम करायला लावणे ही गुलामगिरी होय. आणि संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांशी तीव्र मतभेद असणारे, त्या दिवशी एकत्र होते. त्या दिवशी संप या शब्दाला त्याचा गुजराती अर्थही लाभला.

एकोप्यातील भगदाडे

संप म्हणजे एकोपा, हे म्हणणे गोड वाटते. पण एकोपा कोणाकोणाचा, हा प्रश्न चुकवता येत नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला. एका कामगाराने अधिक माग चालवावेत, अशा योजनेविरुद्ध तो लढा होता. पण त्याच गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. मालकाशी लढताना सारे एक आणि मागाजवळ वेगळे, असा हा एकोपा होता. अस्पृश्यांना त्या खात्यात प्रवेश मिळालाच पाहिजे, ही मागणी संपाच्या मागण्यांत यावी यासाठी बाबासाहेबांना झगडावे लागले. जो संप आपल्याच अर्ध्या माणसांना बाहेर ठेवतो, तो ‘स्ट्राइक’ होऊ शकेल, संप होऊ शकत नाही.

८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपात सुमारे १७ लाख कामगार होते. जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे रोजीच अटक झाली होती. अनेक संघटनांची एक समन्वय समिती झाली होती, बोनसपासून इंजिन चालवणाऱ्यांच्या आठ तासांच्या दिवसापर्यंत मागण्या होत्या. सरकारने हजारोंना तुरुंगात टाकले, हजारोंची नोकरी घेतली, कुटुंबांना रेल्वेच्या घरांतून बाहेर काढले. २७ मे रोजी संप विनाशर्त मागे घ्यावा लागला. पण १९७७ च्या सत्ताबदलानंतर बडतर्फ कामगार कामावर परतले आणि १९७९ पासून रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी निगडित बोनस मिळू लागला. पराभूत झालेला एकोपाही वाया जात नाही, हा त्याचा धडा.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपाचा धडा अधिक कडू आहे. सुमारे अडीच लाख कामगार आणि साठ गिरण्या. मागणी पगाराची होती, तशीच १९४६ च्या कायद्याने एकाच संघटनेला दिलेल्या मक्तेदारीविरुद्धही होती. कामगारांचा आपसांतील एकोपा अजोड होता. पण हात काढून घेतल्याने जहाज थांबते, ते जहाज चालवण्याची मालकाला इच्छा असेल तरच. गिरणीपेक्षा गिरणीची जमीन मोलाची झाली होती. कापड यंत्रमागावर भिवंडीत, मालेगावात निघू लागले होते. तेथील असंघटित मजूर या एकोप्याच्या बाहेर राहिला होता. अडीच लाखांचा निर्धार खरा ठरला आणि गिरणगाव तरीही उद्ध्वस्त झाले.

व्याख्येची कात्री

आता कायद्याकडे वळावे लागेल, कारण शब्दाचा शेवटचा अर्थ तेथे ठरतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘स्ट्राइक’ची व्याख्या वाचली तर तिच्यात आघात कोठेच नाही. उद्योगातील कामगारांच्या समूहाने एकत्रितपणे काम थांबवणे किंवा समान समजुतीने काम करण्यास नकार देणे, असा तिचा आशय होता. म्हणजे इंग्रजी शब्द आणि मराठी अर्थ. सार्वजनिक उपयोगाच्या सेवांत संपापूर्वी नोटीस बंधनकारक होती. इतर उद्योगांत तसे बंधन नव्हते.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने हे चित्र बदलले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिने व्याख्या रुंद केली: ५० टक्के वा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही संपच. आणि हक्क अरुंद केला: आता सर्वच औद्योगिक आस्थापनांत १४ दिवसांची नोटीस हवी. नोटीस दिली की समेट अधिकाऱ्याची कार्यवाही सुरू होऊ शकते, आणि ती चालू असताना व संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. म्हणजे संपाची नोटीस हीच संप रोखण्याची पहिली पायरी होऊ शकते. बेकायदा संपाला पूर्वी ५० रुपयांपर्यंत दंड होता. तो आता १,००० ते १०,००० रुपये झाला आहे. एक महिन्यापर्यंतच्या कैदेची तरतूद पूर्वीही होती, आताही आहे. शब्दाचा अर्थ रुंदावत जावा आणि हक्क आकसत जावा, यापेक्षा चतुर कात्री कोणती असू शकेल?

न्यायालयांनीही या शब्दाला फारसा आसरा दिलेला नाही. संघटना स्थापण्याच्या मूलभूत हक्कात संपाचा हक्क अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली सांगितले. तामिळनाडूत २००३ साली दीड लाखाहून अधिक सरकारी कर्मचारी एका फटक्यात बडतर्फ झाले, तेव्हा त्यांना संपाचा कायदेशीर वा नैतिक हक्कही नाही, असा निर्णय आला. एक फटका खरोखर बसला होता, पण तो ज्यांच्यावर बसला त्यांनाच आघात करणारे ठरवण्यात आले.

आणि ज्यांना ही व्याख्याही लागू पडत नाही, अशांची संख्या वाढत आहे. मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवणाऱ्या तरुणाला कंपनी कामगार म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा श्रमाला मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेरचे काम म्हटले आहे. नाते नाही, म्हणून नोकरी नाही. नोकरी नाही, म्हणून संप नाही. शंभर तरुणांनी ठरवून आपापले ॲप बंद ठेवले तर ती १७६८ च्या खलाशांचीच कृती होय, शिडाच्या जागी मोबाईल आला एवढाच फरक. पण त्यांच्यातला पुढारी कोण हे कळले की त्याचा आयडी ब्लॉक होतो. हजेरीपट नाही, तरीही नाव खोडले जाते. ‘स्ट्राइक’चा हा खोडण्याचा अर्थ मालकाच्या हाती राहिला आहे आणि एकोप्याचा अर्थ कामगाराच्या हातून निसटतो आहे.

कार्यकर्त्याचे काम

यातून कार्यकर्त्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट भाषेची. सभेत, पत्रकात, बातमीत संपाला हत्यार म्हणणे, दणका म्हणणे, हिसका म्हणणे आता थांबले पाहिजे. त्या शब्दांनी टाळ्या मिळतात, पण ज्याचा विश्वास मिळवायचा आहे तो दूर जातो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एस. टी. संपात महामंडळाच्या विलीनीकरणाची मागणी होती. चालक-वाहकांचे वेतन तुटपुंजे होते हे कोणी नाकारत नव्हते. तरीही त्या महिन्यांत शाळेला मुकलेली खेड्यातील मुलगी आणि तालुक्याच्या दवाखान्यात जाऊ न शकलेली म्हातारी ही त्याच वाहकाच्या घरची माणसे होती. त्यांच्याशी आधी बोलणे, त्यांना आपल्या बाजूला घेणे, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्यापुरती तरी सोय राखणे, हा संपाच्या तयारीचा भाग आहे. त्याला नमते घेणे म्हणणे चूक होईल, कारण एकोपा आगाराच्या फाटकाशी संपत नाही.

दुसरी गोष्ट संघटनेची. कायम कामगारांची संघटना आणि शेजारच्याच यंत्रावर निम्म्या पगारात राबणारा कंत्राटी कामगार यांच्यामध्ये आज जी भिंत आहे, ती १९२८ च्या विणकाम खात्याची आठवण करून देते. कंत्राटी कामगाराला सभासद न करणाऱ्या संघटनेने संपाची हाक दिली, तर तिच्या संपात यंत्रे चालूच राहतील. कारण ती चालवणारे हात तिने कधी आपले मानलेच नव्हते. नोटिशीचे १४ दिवस कायद्याने लादले आहेत. त्याविरुद्ध लढले पाहिजेच. पण ते १४ दिवस वस्त्यांत, चाळींत, कंत्राटदाराच्या माणसांत, ॲपवर चालणाऱ्या तरुणांत घालवले तर तेही एकोप्याच्या उपयोगी पडतील.

तिसरी गोष्ट ध्येयाची. इंग्रजीत सौदा जुळण्यालाही ‘स्ट्राइक’ हेच क्रियापद आहे, आणि जुन्या काळी सौदा ठरला की दोघे एकमेकांच्या हातावर टाळी देत. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारातही हातावर हात पडल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. प्रत्येक संप कधी ना कधी अशा टाळीपाशी यावा लागतो. पण टाळी बरोबरीच्या दोन माणसांत होते. एकट्या कामगाराचा हात मालकाच्या हाताच्या उंचीला पोचत नाही. तो पोचावा म्हणून अनेक हात आधी एकत्र यावे लागतात. मराठीने त्या एकत्र येण्याला संप हे नाव दिले आहे. ते नाव त्याच्या पूर्ण अर्थासह वापरणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.